कुठं जायचं हे माहीत नसताना: पंडिता रमाबाईंच्या निर्णयांवर मनन

आजचं वाचन: इब्री लोकांस पत्र ११:८-१०
जोडीला: स्तोत्र ११९:१०५



या आठवड्यात आपण इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय थोडा थोडा वाचतोय. आज अब्राहामाची पाळी. देवानं बोलावलं आणि तो निघाला, पण आपण नेमकं कुठं चाललोय हे त्याला ठाऊक नव्हतं. लेखकानं ही गोष्ट लपवलेली नाही, उलट तीच अब्राहामाच्या विश्वासाची खूण म्हणून सांगितली आहे. आपल्याला मात्र बहुतेक वेळा याच्या उलट हवं असतं. आधी पूर्ण पत्ता मिळू दे, मग पाय उचलतो.

आमच्या मंडळीतल्या तरुणांच्या सभेत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न त्रैक्याचा किंवा शेवटल्या काळाचा नसतो. देवाची इच्छा कशी ओळखायची, हा असतो. आणि त्यामागं काहीतरी अगदी ठोस असतं: नोकरी बदलायची का, या स्थळाला हो म्हणायचं का, आईवडिलांना एकटं ठेवून परदेशी जायचं का. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ताण असतो, कारण चुकलं तर काय, ही भीती खरी असते.

म्हणून आज मी अब्राहामाच्या बाजूला आपल्याच मातीतल्या एका बाईला उभं करून बघणार आहे. पंडिता रमाबाई. मुक्ती मिशनमुळे आपल्या मंडळ्यांत हे नाव सगळ्यांना माहीत आहे. पण आपण त्यांची गोष्ट सांगतो ती शेवटापासून, जणू केडगाव पहिल्यापासून ठरलेलंच होतं. मी या वेळी त्यांचं चरित्र वाचताना एक साधी गोष्ट केली. प्रत्येक मोठ्या निर्णयापाशी थांबून वहीत दोन रकाने केले: या क्षणी त्यांना काय माहीत होतं, आणि काय माहीत नव्हतं. दुसरा रकाना प्रत्येक वेळी लांबलचक झाला.

गंगामूळ ते कलकत्ता

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना पंडितांच्या सभेत जाब द्यावा लागला, तरी ते मागं हटले नाहीत. आई लक्ष्मीबाईंनी तेच संस्कृत लेकीला पहाटे पहाटे शिकवलं. पुढे गंगामूळचं घर सुटलं आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला लागलं. देवळांच्या आवारात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं, पुढच्या गावी जायचं.

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात, व्रतांत आणि नवसांत गेलं. आता तरी देव काही संकेत देईल, कुठून तरी धन मिळेल, या आशेवर हे कुटुंब दिवस काढत राहिलं. शेवटी रानात झाडपाला खाण्याची वेळ आली. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, सगळ्यांचा निरोपही घेतला. तेव्हा भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि म्हणाला की आता जातीचा मान बाजूला ठेवून मी मजुरी करीन. पण उशीर झाला होता. वडील गेले, मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण गेली. जाण्यापूर्वी वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितलं होतं की मी तुला देवाच्या हाती सोपवलंय, त्याचीच सेवा कर. कोणता देव, कशी सेवा, हे त्या पोरीला तेव्हा माहीत नव्हतं.

त्यानंतर बहीणभाऊ पायी हिंडत राहिले. पंजाबातल्या थंडीत अंगावर पांघरायला नाही म्हणून नदीकाठी वाळूत खड्डे करून, डोकं तेवढं बाहेर ठेवून, वाळू अंगावर ओढून ते झोपायचे. अशी हजारो मैलांची वाट तुडवत १८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांचं संस्कृत ऐकून पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

या सगळ्या वर्षांत त्या घरानं देवाची इच्छा शोधली नाही असं कोण म्हणेल? मुहूर्त, संकेत, नवस, उपास, सगळं केलं. मला इथं कुणाच्या श्रद्धेला हिणवायचं नाही. उलट मला भीती वाटते ती आपली. नाव येशूचं घ्यायचं आणि पद्धत तीच ठेवायची, हे आपल्यातही चालतं. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन म्हणजे नोकरीचं उत्तर. अमुक वाजेपर्यंत फोन आला तर देवाची इच्छा, नाही आला तर नाही. त्या तरुणीनं संकेतांची वाट बघत माणसं मरताना पाहिली होती. पुढच्या आयुष्यात त्यांनी निर्णय वेगळ्या रीतीनं घेतले, त्याचं मूळ मला इथंच दिसतं.

सिल्चर, पुणे आणि बोट

१८८० साली ढाक्याला श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. दोघं आसामात सिल्चरला राहू लागले. तिथं नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन त्यांच्याशी पवित्र शास्त्रावर बोलायचे. बिपिनबाबूंना बायकोनं उघड ख्रिस्ती होणं पसंत नव्हतं, म्हणून विषय तिथंच राहिला.

मग फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं बिपिनबाबू गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मनोरमा अजून वर्षाचीही नव्हती. रमाबाई तेव्हा २३ वर्षांच्या, आणि सख्खं म्हणावं असं आधार देणारं कुणीच उरलेलं नाही.

त्या पुण्याला आल्या. तिथं आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष देताना बायकांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात हे ठासून सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हायचं हे मनाशी धरलं. त्यासाठी इंग्लंडला जाणं भाग होतं. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं, ते विकून बोटीच्या भाड्याची तजवीज केली आणि १८८३ साली दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन निघाल्या. इंग्रजी जेमतेम. समुद्र ओलांडलेली विधवा परत आल्यावर समाज काय करील हे माहीत होतं. आपण परत येऊ की नाही, हे माहीत नव्हतं.

माझ्या वहीतल्या पहिल्या रकान्यात या ठिकाणी एकच ओळ आहे: आजारी बायकांना पुरुष डॉक्टरपुढे जाता येत नाही आणि त्या मरतात. एवढंच त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यावर त्या निघाल्या.

वाँटेज: एक दार बंद

इंग्लंडमध्ये वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या मठात त्या उतरल्या. आणि जे करायला आल्या तेच होईना. कानांना नीट ऐकू येत नव्हतं. वैद्यकीचं शिक्षण अशक्य ठरलं. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी इंग्लंडमध्ये आल्यावर थोड्याच महिन्यांत आत्महत्या केली. परका देश, मोडलेला बेत, आणि सोबतीण अशी गेलेली. आपल्यापैकी कुणाच्या बाबतीत असं झालं असतं तर मंडळीतल्या किती जणांनी सांगितलं असतं की बघा, ही देवाची इच्छाच नव्हती, तुम्ही निघायलाच नको होतं.

पण त्याच दिवसांत भगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला नेलं. समाजानं टाकलेल्या, वाईट मार्गाला लागलेल्या म्हणून हिणवलेल्या बायकांना तिथं सांभाळलं जात होतं. त्यांच्याशी कुणी इतक्या मायेनं वागतं हे रमाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी कारण विचारलं तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री आणि विहिरीवर बसलेला येशू यांची गोष्ट सांगण्यात आली. नेहेम्या गोरे या मराठी पाळकांच्या लिखाणानंही त्यांच्या बऱ्याच शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजमध्ये त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

याची किंमत काय पडेल याची त्यांना पुरती कल्पना होती. ज्या पुण्या-मुंबईच्या सुधारकांच्या जोरावर घरी काम करायचं होतं, ते दुरावणार होते. आणि सगळं समजलं म्हणून बाप्तिस्मा घेतला असंही नव्हतं. त्यानंतर चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत असताना त्यांचे भगिनींशी सिद्धान्तांवर वाद चालूच राहिले. त्रैक्य कसं मानायचं, चर्चच्या अधिकाऱ्यांचं कुठवर ऐकायचं, अशा प्रश्नांवर नुसतं सांगितलं म्हणून त्या मान डोलावत नसत. ज्यांनी मायेनं सांभाळलं त्या भगिनींना याचं दुःख व्हायचं. रमाबाईंनाही व्हायचं. तरी न पटलेलं पटलंय असं त्यांनी कधी दाखवलं नाही.

पुढे सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या आसपास, त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त अजून तसा भेटला नव्हता. तेव्हा कुठं त्यांच्या मनाला खरी शांती मिळाली. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. १८८३ साली त्यांना जेवढा प्रकाश होता तेवढ्यात त्यांनी पाऊल टाकलं. देवानं त्या अर्ध्या समजुतीचा अव्हेर केला नाही आणि आठ वर्षं त्यांना चालवत आणलं. स्तोत्रकर्त्यानं देवाच्या वचनाला पावलांसाठीच्या दिव्याची उपमा दिली आहे. कंदील घेऊन अंधारात चाललेल्याला पुढचं पाऊल दिसतं, गाव दिसत नाही. चालत राहिलं तर तोच उजेड पुढे सरकतो.

शारदा सदनाचं उघडं दार

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तो समारंभ पाहायला म्हणून रमाबाई अमेरिकेला गेल्या, आणि थोड्या दिवसांचा मुक्काम अडीच वर्षांहून लांबला. जे त्यांना स्वतःला साधलं नव्हतं ते आनंदीबाईंनी मिळवलं होतं. पण आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, काम सुरू होण्याआधीच, क्षयानं गेल्या. त्याच साली रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक तिकडे खूप वाचलं गेलं. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेला १० वर्षं मदत देण्याचं ठरलं.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडलं. पहिल्या मुलींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला आलं. नियम स्पष्ट होता: शाळेत धर्म शिकवायचा नाही, प्रत्येक मुलीनं आपापल्या घरच्या रीतीनं राहायचं.

अडचण आली ती रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेवरून. त्या आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन शास्त्र वाचायच्या, प्रार्थना करायच्या, आणि दार लावून घेत नसत. मुलींना त्या आईसारख्या होत्या. काही मुली येऊन बसू लागल्या, काहींना ख्रिस्ताची ओढ वाटू लागली. पुण्यात गदारोळ उठला, केसरीनं टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार समितीतून बाहेर पडले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं.

इथं आपण घाईनं एकाच बाजूला उभं राहू नये. सल्लागारांची तक्रार निव्वळ आकसाची नव्हती. पालकांनी भरवसा ठेवून विधवा लेकी पाठवल्या होत्या. काढून नेलेल्या मुलींचं शिक्षण तुटलं, त्यांतल्या कितीतरी पुन्हा त्याच अंधाऱ्या माजघरात गेल्या असतील. म्हणजे दोन्हीकडे किंमत होती आणि ती दुसऱ्यांच्या लेकींना मोजावी लागणार होती. दार लावलं तर शाळा टिकते. दार उघडं ठेवलं तर शाळा बुडूही शकते. रमाबाईंनी मुलींना बोलावलं नाही, आग्रह केला नाही, शाळेत धर्म शिकवला नाही. पण आपल्याच घरात आपला प्रभू लपवून ठेवायला त्या तयार झाल्या नाहीत. निर्णयाच्या दिवशी सदन वाचेल याची काहीही हमी नव्हती. ते वाचलं, हळूहळू मुलीही पुन्हा वाढल्या, पण हे आपल्याला आज माहीत आहे.

१८९६ चा दुष्काळ

आता माझ्या मते सगळ्यात अवघड पानाकडे येऊ.

अमेरिकेच्या मदतीची १० वर्षं संपत आली होती. पुढची सोय म्हणून रमाबाईंनी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली होती. फळझाडं लावायची आणि त्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा व्यवहारी बेत. बेत करणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं त्यांनी मानलं नाही.

त्याच सुमारास लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यात असताना त्यांनी एक प्रार्थना केली होती. तेव्हा त्यांच्याकडच्या १५ मुली ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या होत्या. त्यांनी देवाकडे मागितलं की या संख्येचा वर्ग कर, मला २२५ मुली दे. माझ्यासारख्या इंजिनिअरिंग शिकलेल्या बाईला ही प्रार्थना फारच आवडते. पण या २२५ मुली कशा येतील, हे मागताना त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पसरला. बातम्या यायला लागल्या. रमाबाईंना आपली आई, आपले वडील, तो झाडपाला आठवला. भुकेल्या, एकट्या पडलेल्या कोवळ्या मुलींना रस्त्यात कोण कोण गाठतं हेही त्यांना ठाऊक होतं. जागा नाही, पैसा नाही. अमेरिकेतली मदत शारदा सदनातल्या विधवांसाठी होती. या मुली तर सगळ्या जातींच्या, त्या हिशेबात कुठंच न बसणाऱ्या. त्या गेल्या. सरकारी दुष्काळी छावण्या हिंडल्या, तिथली दशा डोळ्यांनी पाहिली, आणि मुलींना घेऊन पुण्याला येऊ लागल्या. आकडा वाढत वाढत ३०० च्या घरात गेला.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग. शहरात नव्या मुली ठेवायला सरकारची मनाई. मग केडगावच्या त्या शेतावर तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. फळझाडांसाठी घेतलेल्या जमिनीवर मुलींची वस्ती झाली. १८९८ मध्ये मुक्ती सदनाचा पाया घातला गेला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात पुन्हा मुली आल्या आणि संख्या १,५०० च्या पुढे गेली. शेती, विणकाम, छापखाना, तेलाचा घाणा, गाईगुरं, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल, हे सगळं तिथं उभं राहिलं. टाकलेल्या आणि फसवलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. फुलहॅमला जे पाहिलं होतं ते आता केडगावच्या माळावर होतं.

पण आणलेल्या सगळ्या मुली जगल्या नाहीत. काहींचं शरीर इतकं खंगलं होतं की अन्न पोटात ठरेना. त्यांना मातीआड करताना रमाबाईंना काय वाटलं असेल? विश्वासानं घेतलेल्या निर्णयाचं फळ नेहमी गोडच येतं, अशी साक्ष देण्याची आपल्याला सवय लागली आहे. केडगावची साक्ष तेवढी सोपी नाही.

या पानावर माझे दोन रकाने असे झाले. माहीत नव्हतं: पैसा कुठून, जागा कुठं, किती जगतील, १८९८ नंतर काय. माहीत होतं: मुली उपाशी आहेत, आणि मी कधी काळी त्यांच्यातलीच एक होते.

शेवटचं काम

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम हाती घेतलं. त्या काळचं मराठी बायबल त्यांच्या खेड्यातल्या बायकांना जड जात होतं. म्हणून संस्कृतच्या या पंडितेनं हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं. खिळे जुळवणं, छापणं, सगळं मुक्तीतल्या बायकांनीच केलं.

हे काम चालू असताना १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. कडेवर घेऊन समुद्र ओलांडलेली ती लेक, चाळिशीची, आईचा उजवा हात. पुढे मुक्ती सदन तीच सांभाळणार असं सगळे धरून चालले होते. तोही बेत मोडला. रमाबाई भाषांतराच्या मुद्रितांकडे परत वळल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या. बायबल छापून पूर्ण झालं ते १९२४ मध्ये. इब्रीच्या याच अध्यायात पुढे म्हटलंय की ही सगळी माणसं विश्वासात असतानाच मेली, वचनांचं फळ त्यांनी दुरूनच पाहिलं. ते वाचताना मला आता केडगाव आठवेल.

आपल्यासाठी

माझं काम सॉफ्टवेअरचं. तिथं आम्ही आधी सगळ्या रिक्वायरमेंट लिहून मागतो, टेस्ट करतो, आणि बिघडलंच तर जुन्या व्हर्जनवर परत जायची सोय ठेवतो. ही शिस्त चांगलीच आहे. पण आयुष्यातल्या बऱ्याच निर्णयांना परतीची सोय नसते. आमच्याच घरात सध्या असा एक निर्णय आहे. सासऱ्यांना पक्षाघात झाल्यापासून सासूबाई गावी एकट्यानं सगळं निभावतायत. आम्ही गावी जायचं की त्यांना शहरात आणायचं, माझी नोकरी राहील की जाईल, मुलांच्या शाळेचं काय, यातल्या कशाचंच उत्तर अजून हातात नाही. मी नवऱ्याबरोबर रोज प्रार्थना करते, आणि खरं सांगायचं तर मनातून एखाद्या खुणेची वाट बघते.

रमाबाईंच्या वहीनं मला एक वेगळा प्रश्न दिला. पुढे काय होईल हे देव मला आज सांगत नाहीये, ठीक आहे. पण जे त्यानं आधीच सांगून ठेवलंय त्यातलं मला काय माहीत आहे? आईबापाचा मान राखावा, दुबळ्याचं ओझं उचलावं, खोटं बोलू नये, उद्याची चिंता त्याच्यावर टाकावी. यातलं काहीच गुपित नाही. आपली बरीचशी अनिश्चितता परिणामांबद्दल असते, देवाच्या आज्ञेबद्दल नसते. दोन्ही आपण एकत्र कालवतो आणि मग म्हणतो की देव बोलत नाही.

याचा अर्थ डोळे मिटून उडी मारावी असा नाही. रमाबाईंनी भाड्याचे पैसे आधी जमवले, जमीन विचार करून घेतली, शंका विचारल्या, जाणत्यांचा सल्ला ऐकला. याकोबही सांगतो की ज्याला शहाणपण कमी पडतं त्यानं ते देवाकडे मागावं. शहाणपण मागायचं आणि मिळालेलं वापरायचं. मात्र सगळा हिशेब लागल्याशिवाय मुलींना आणायला जाणार नाही, असं म्हटलं असतं तर त्या ३०० मुलींसाठी तो हिशेब वेळेत कधीच लागला नसता.

आणि बेत मोडला म्हणजे निर्णय चुकला, असंही लगेच ठरवू नका. वैद्यकीचं दार बंद झालं म्हणून इंग्लंडला जाणं फुकट गेलं नाही. फळबाग झाली नाही म्हणून जमीन वाया गेली नाही. तुमचाही एखादा बेत आज मोडून पडला असेल. तुम्ही तो प्रभूवर भरवसा ठेवून, शुद्ध मनानं केला असेल, तर तो त्याच्या हातातून निसटलेला नाही. त्याचं पुढे काय होईल हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. तो कुणाच्या हाती आहे एवढं मात्र आपल्याला नक्की माहीत आहे.

आज एक गोष्ट करून पाहा. जो निर्णय तुम्हाला छळतोय त्यासाठी एका कागदावर दोन रकाने करा. माहीत नसलेल्या गोष्टींचा रकाना प्रार्थनेत प्रभूच्या पायाशी ठेवा. माहीत असलेल्या रकान्यातलं एक काम, कितीही लहान असू दे, आजच करा.

प्रार्थना

हे दयाळू स्वर्गीय बापा, अब्राहामाला आणि तुझी दासी रमाबाई हिला तू अनोळखी वाटेनं चालवलंस, याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आम्हाला पुढचं सगळं दिसत नाही आणि आम्ही घाबरतो. संकेत शोधत बसण्यापासून आम्हाला सोडव. जे तू आम्हाला आधीच दाखवलं आहेस ते आज करायला बळ दे. ज्यांचे बेत मोडले आहेत, ज्यांनी जिवलग माणसं गमावली आहेत, त्यांच्याजवळ राहा. आमच्या निर्णयांची किंमत जेव्हा दुसऱ्यांना मोजावी लागते तेव्हा आम्हाला नम्र ठेव, आणि त्यांना तूच सांभाळ. आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावानं मागतो. आमेन.

उद्याचं वाचन: इब्री लोकांस पत्र ११:११-१२. उद्या आपण सारेच्या विश्वासाकडे पाहू.